क्युसेक म्हणजे किती?

गेल्या वर्षी जूनमध्ये नोकरी सोडली तेव्हा आईने एकच विचारलं, "म्हणजे आता नक्की काय करणार?" मी म्हटलं, हवामान बदलावर काम करणाऱ्यांसाठी डिझाइन. "बरं," म्हणाली आणि कुकर लावायला गेली. आमच्या कोथरूडच्या घरात 'बरं'चे सात-आठ अर्थ होतात, हा त्यातला सगळ्यात काळजीचा.

त्याआधी सहा वर्षं मी कर्ज देणाऱ्या अ‍ॅपचे स्क्रीन करायचे. माणसाने फार विचार न करता 'पुढे' दाबावं, एवढंच माझं कसब. सुटल्यासारखं वाटलं खरं, पण पहिले तीन-चार महिने नव्या कामातही तेच ते. ओंजळीत माती, मातीत रोपटं, हे चित्र मी एका महिन्यात चार वेगवेगळ्या अहवालांसाठी काढलं. चारही जणांना ते आवडलं.

मग नदीचं काम आलं. सिंहगड रस्त्यालगत, मुठेच्या काठावर एक वसाहत. 25 जुलै 2024 ला पहाटे याच पट्ट्यात एकतानगरीत पाणी शिरलं होतं, त्यामुळे पाऊस वाढला की इथेही कुणाला झोप लागत नाही. मोबाइलवर निरोप येतात, 'खडकवासला धरणातून इतक्या हजार क्युसेकने विसर्ग.' विसर्ग म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी. एका छोट्या संस्थेला हे लोकांना समजावणारं पोस्टर हवं होतं.

मी हिशेबाला बसले. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण 28 लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला दोन लाख 83 हजार लिटर. पुणेकराला पाण्याचं कुठलं माप कळतं? टँकर. दहा हजार लिटरचे 28 टँकर, दर सेकंदाला. टँकरची रांग काढली, शेजारी घड्याळ, आणि खाली डेक्कनजवळच्या, मुठेवरच्या भिडे पुलाचं चित्र. भिडे पूल पाण्याखाली गेला की अख्ख्या शहराला कळतं पाणी किती आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आलेली. स्वतःवर बेहद्द खूश होते.

वसाहतीत पोस्टर उलगडलं. एका मुलाने विचारलं, "ताई, विसर्ग म्हणजे दोन टिंबं ना?" सगळे हसले. मी नाही हसले, कारण तो शब्द मी मथळ्यात घातला होता. मागे बसलेल्या एक आजी उठून जवळ आल्या, भिडे पुलावर बोट ठेवलं. "पोरी, हा पूल दरवर्षी बुडतो. आमच्याकडं दरवर्षी पाणी येतं का? आणि पाणी आधी आमच्या दारावरनं जातं, मग तुझ्या पुलाकडं."

खरंच होतं. मी नदीकडे डेक्कनवरून बघत होते.

मग त्या मला नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर घेऊन गेल्या. पानशेत फुटलं तेव्हा, 12 जुलै 1961 ला, त्या परकरी पोर होत्या, तेव्हापासून पाणी पायऱ्यांवरच मोजतात. तळाच्या तीन बुडाल्या तर काही नाही. शेंदूर लावलेल्या दगडाला पाणी टेकलं की गाड्या हलवायच्या. त्याच्या वर चार पायऱ्या चढलं की माणसं. एवढं सगळं त्यांच्या डोक्यात, आणि मी टँकर मोजत बसलेली.

पोस्टर रद्द. पायऱ्यांकडेच्या भिंतीवर रंगाच्या दोन रेघा मारायच्या ठरल्या. पिवळी गाड्यांसाठी, लाल माणसांसाठी. रेघेशेजारी एकेक वाक्य, बस. तसंही आधीचा नमुना फ्लेक्सवर छापून आणला होता तेव्हा मला लाज वाटली होती. हवामानाचं काम आणि पीव्हीसीच्या प्लास्टिकवर! शिवाय छापखान्यात फाँट तुटून 'विसर्ग'चा 'विसगर्' झाला होता. अक्षरांच्या आउटलाइन करून फाइल द्यायची, हे विद्यार्थ्यांना शिकवणारी मी!

संस्थेशी मात्र खटका उडाला. त्यांना भिंतीवर मोठं हवं होतं, 'हवामान बदलामुळे पूर'. माझं म्हणणं, निम्मंच खरं. हवा एका अंशाने तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून कोसळतो तेव्हा धो धो कोसळतो, हे मान्य. पण पात्रात टाकलेला राडारोडा कुठल्या हवामानाने आणला? निळ्या पूररेषेत बांधकामं कुणी होऊ दिली? निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. लोकांना वाटतं, आलाय आत्ताच, आता 25 वर्षं निवांत. तसं नसतं, धोका दर वर्षी चार टक्के. त्या रेषेवरच्या घरासाठी 20 वर्षांचं कर्ज काढलं, तर फिटेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. कर्जाच्या अ‍ॅपमध्ये हा स्क्रीन मी कधी केला नव्हता. अखेर भिंतीवर कारण लिहायचंच नाही, यावर तडजोड झाली.

पैशांचं थोडक्यात सांगते. वर्षाची कमाई नोकरीच्या निम्म्याहून कमी. दुसऱ्या एका कामाचं बिल पाच महिने अडकलं. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी केलेली, त्यामुळे कायद्याने फार तर 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. फोन केला की उत्तर ठरलेलं, "मॅडम, फाइल सहीला आहे." 31 मार्चला सही सापडली. दहा टक्के टीडीएस कापून पैसे आले. आता मी निम्मी रक्कम आगाऊ घेते. पहिल्यांदा मागताना घसा कोरडा पडला होता.

या जूनमध्ये रेघा ताज्या करायला गेले, सोबत रंगारी आणि पिवळ्या ऑइलपेंटचा डबा. आजी पायरीवरच बसल्या होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणाल्या. लाल रेघेकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"ही दोन पायऱ्या खाली घे."

"का, आजी? पाणी तर तिथंच येतं ना?"

"पाणी तिथंच येतं गं. मला वर चढायला आता वेळ लागतो."

लाल रंग आणलाच नव्हता. रंगाऱ्याला तिथेच थांबवलं आणि दुकान बंद व्हायच्या आत गाठायला गाडी काढली.