परसातल्या कोंबड्या आणि आंबवलेलं धान्य : माझा अनुभव

आमचं घर पलूस तालुक्यात. परसात गावठी कोंबड्या आणि सोबत थोड्या गिरिराजा जातीच्या. खाद्य महाग आहेच, पण मला जास्त खुपायचं ते सांडणं. मक्याचा भरडा टाकला की या बायका मोठे दाणे वेचणार आणि बारीक पीठ पायानं उकरून मातीत घालणार. त्यावर उंदीर पोसायचे. म्हणून धान्य आंबवून घालायचं ठरवलं.

सासूबाईंना ते पटलं नव्हतं. "माणसांच्या आंबिलीला शाळू पुरंना आणि तू कोंबड्यांस्नी आंबवून घालतीस व्हय?" म्हटलं, "आत्या, शाळू नाही, हायब्रीड ज्वारी घेतलीय." तेवढ्यावर त्या गप्प बसल्या, म्हणजे माझ्याशी. शेजारणीला सांगायचं ते सांगितलंच.

मिश्रणात मका, हायब्रीड ज्वारी आणि थोडा गहू. गहू मुद्दाम. दाण्यातलं बरंचसं फॉस्फरस फायटिक आम्लात अडकलेलं असतं, ते कोंबडीला नीट पचत नाही. भिजून आंबताना धान्यातलंच फायटेज नावाचं एन्झाइम त्यातलं काही मोकळं करतं. हे गव्हात भरपूर असतं, मक्यात फार थोडं. मका मात्र निवडून घ्यावा. पावसात भिजलेल्या, टोकाला काळपट-हिरवट झालेल्या मक्यात अफ्लाटॉक्सिन असू शकतं, आणि आंबवलं की ते विष जाईल या भरवशावर राहू नये. तसला मका सरळ खड्ड्यात.

पाण्याचं आधी बघावं लागतं. आमच्या नळाला टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पूड) जास्त पडली की वासावरून कळतं. तिनं जंतू मरतात, त्यात आपल्याला हवे ते, धान्य आंबवणारेही आलेच. म्हणून नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवते, नाहीतर सरळ विहिरीचं घेते. झाकणाची प्लॅस्टिकची बादली अर्ध्याच्या खालीच भरायची, कारण दाणा फुगतो, आणि वर चार बोटं पाणी. अॅल्युमिनियमचं पातेलं नको, आंबटानं ते खातं. पहिल्या खेपेला विरजण म्हणून चमचाभर ताक घातलं. झाकण घट्ट लावायचं नाही, आत वायू धरतो. रोज एकदा तळापासून ढवळायचं आणि दाणे पाण्याखालीच राहतील असं बघायचं. वर तरंगणाऱ्या दाण्यालाच आधी बुरशी धरते.

किती दिवस ठेवायचं, हे नाकानं ठरवावं. थंडीत तीन दिवस लागतात. चैत्र-वैशाखात दुसऱ्या दिवशीच काम झालेलं असतं, म्हणून तेव्हा बादली मोरीजवळच्या गारव्याला. ढवळलं की बुडबुडे वर येतात, पाणी दुधाळ होतं आणि इडलीच्या पिठासारखा आंबट वास येतो. सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साडेचारच्या खाली गेला की बहुतेक वाईट जंतूंना तिथं वाढता येत नाही. वर पातळ पांढरी साय आली तर ती काढून टाकते, पण केसाळ, हिरवी-काळी बुरशी दिसली किंवा सडका वास आला की अख्खी बादली उकिरड्यावर. दारूसारखा उग्र वास यायला लागला तरी मी घालत नाही. निथळलेलं आंबट पाणी फेकायचं नाही, पुढच्या खेपेला तेच विरजण.

पहिल्या दिवशी कोंबड्या ताटलीभोवती माना वाकड्या करून नुसत्याच फिरल्या. मग कोंबड्यानं एक दाणा उचलला, टाकला, परत उचलला आणि कुटकुट करून सगळ्यांना बोलावलं. त्यानंतर ताटली उलटी व्हायचीच बाकी होती. आता उभा चिरलेला पाइप ठेवलाय, त्यात दाटी होत नाही. घालायचं ते सकाळी, दोनेक तासांत संपेल एवढंच. उरलेलं उचलायचं आणि पाइप धुवायचा. हे एक दिवस टाळलं की माश्या घोंगावतात.

मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम कोरडं खाद्य खाते. माप भिजवायच्या आधी घ्यावं. भिजलेल्यावर मोजलं तर वजन पाण्याचं आणि पोट रिकामं.

फायदा काय, तर सांडणं जवळजवळ थांबलं, पाण्याची भांडी पूर्वीसारखी लवकर रिकामी होत नाहीत आणि खुराड्यातली घाण कमी ओली वाटते. अंडी दुप्पट होतात म्हणून जे सांगतात, त्यावर माझा विश्वास नाही. मक्यात प्रथिनं जेमतेम ९ टक्के, आणि अंड्यावरच्या कोंबडीला खाद्यात १६-१८ टक्के लागतात. कितीही आंबवलं तरी मका मकाच राहतो. मी रोज घालताना शेंगदाणा पेंड किंवा सोयापेंड कालवते. कच्चं सोयाबीन नाही, ते भाजल्याशिवाय बाधतं. कवचासाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत, लागेल तशी ती खाते. आमच्याकडं कवच घट्ट झालं ते या वाटीनं. श्रेय मात्र घरात बादलीला मिळतं.

पिलांना अख्खा दाणा घालायचा नाही. त्यांच्यासाठी तयार चिक स्टार्टरच (पिलांचं बारीक खाद्य) रोज सकाळी लागेल तेवढं भिजवते. ते बारीक असल्यानं लवकर जास्त आंबतं, म्हणून दुसऱ्या दिवशीसाठी ठेवत नाही.