तुम्ही विचारलंत म्हणून : एकटीचं गावात कसं भागतं?

सोलापुरातल्या जुन्या शेजारणी भेटल्या की पहिला प्रश्न ठरलेला. "वहिनी, तिकडं एकट्या कशा राहता हो? करमतं का? भागतं का?" माझ्या यजमानांचे विद्यार्थी, आता चाळिशी-पन्नाशीत आलेले, एसटी स्टँडवर भेटतात आणि तेही हेच विचारतात. विचारताना सगळ्यांचा आवाज जरा खाली येतो. हे गेल्यावर मी सगळं सोडून दिलंय, मुलांना अडचण नको म्हणून गावात दिवस काढतेय, असं त्यांच्या मनात असतं. स्टँडवर उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते. मला करमतं. भागतं आणि भागून उरतं. आणि मी काहीही सोडलेलं नाही.

हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. नोकरीभर आम्ही सोलापुरात भाड्याने राहिलो. निवृत्तीनंतर गावचं घर दुरुस्त करून घेतलं आणि थोड्याच वर्षांत हे गेले. हृदयविकाराचा झटका होता, दवाखान्यापर्यंत पोचलोच नाही. त्याबद्दल एवढंच. मुलगा पुण्यात, मुलगी हैदराबादेत. दोघांनीही मनापासून बोलावलं, मी दोघांकडे राहूनही आले. तिथं मला काही कमी नव्हतं, पण दिवसभर माझ्या हातानं होण्यासारखं काहीच नव्हतं.

गाव उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजच्या बाजूला. माळढोक अभयारण्यामुळे हा माळ सगळ्यांना नावानं माहीत असतो. माळढोक दिसणं आता फार दुर्मीळ, पण काळविटांचे कळप सकाळी ज्वारीच्या बांधाला असतातच. पीक खातात म्हणून शेतकरी वैतागतात, ते खरंही आहे. तरी उड्या मारत कळप निघाला की खुरपणाऱ्या बाया हात थांबवून बघतात, हेही तितकंच खरं.

घर माळवदाचं. मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर मातीचा थर. स्वयंपाकघराच्या छतात साणं, म्हणजे उजेडाचा झरोका, आहे, त्यातून सकाळी चुलीजवळ नेमका उजेड पडतो. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो. सिमेंटच्या घरात तेव्हा मध्यरात्रीही भिंतींना हात लावला तर ऊन लागतं. माझ्याकडे एका पंख्यावर उन्हाळा निघतो. माळवदाला मशागत मात्र लागते. पावसाळ्याच्या तोंडावर वर पांढरी माती पसरून चोपावी लागते, गवत उपटावं लागतं, नाहीतर मृगाच्या पहिल्याच पावसात घरात भांडी मांडायची वेळ येते. ते काम मी दोन गड्यांकडून करून घेते आणि स्वतः शिडीवर चढून बघते. शिडीवर चढते म्हटल्यावर मुलगी फोनवर रागावते.

आता भागतं कसं ते सांगते. माझ्या घरखर्चाचं सगळं गणित ज्वारीपासून सुरू होतं. जमीन थोडी, कोरडवाहू, पण काळी आणि खोल. आमच्या भागात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. म्हणून खरी शेती रब्बीची. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी होते, आणि पुढे पाण्याचा थेंब नसला तरी जमिनीतल्या ओलीवर मालदांडी ज्वारी कमरेच्या, मग डोक्याच्या वर जाते. फेब्रुवारीत काढणी. ही मालदांडी ३५-१ आमच्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात निवडलेली. इतक्या वर्षांत कितीतरी नवी वाणं आली, पण भाकरीला आणि कडब्याला लोक अजून तिचंच नाव घेतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

काळी माती वाळत आली की भेगाळते, आणि भेगांतून उरलेली ओल निघून जाते. म्हणून थंडीत कोळपण्या करायच्या. कोळप्यानं वरची माती मोकळी होते, भेगा बुजतात, ओल आत राहते. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुनी माणसं म्हणतात. मी शेत अर्धेलीनं दिलंय, पण कोळपणीच्या दिवशी बांधावर मी असतेच. वाटेकऱ्याला आधी ते आवडायचं नाही. आता तोच सकाळी हाक मारतो, "काकी, येताय न्हवं?"

एका माणसाला वर्षाला क्विंटलभर ज्वारी पुष्कळ झाली. माझ्या वाट्याला त्याहून जास्त येते. खाण्यापुरती कडक उन्हात वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या कोठीत भरते, थोडी मुलांकडे पाठवते, उरलेली विकते. कडबा शेकड्यावर जातो, आणि दुष्काळी वर्षी दाण्यापेक्षा कडब्याचेच पैसे हातात जास्त येतात. बांधाला तूर आणि करडई असते. करडईचं तेल गावातच काढून मिळतं, तुराट्या जळणाला होतात. गॅस आहे, पण भाकरी मी अंगणातल्या चुलीवर करते. घरातल्या धुरानं सासूबाईंचे डोळे गेलेले मी पाहिलेत, त्यामुळे चूल उघड्यावरच.

जेवणाचं ऐकून लोकांना माझी कीव येते, म्हणून तेही सांगते. सकाळी भाकरी आणि काहीतरी कोरड्यास. कोवळ्या करडईची भाजी, अंबाडी, हुलग्याचं शेंगोळं, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, वरून काळं तिखट. शेंगाची चटणी मी अजून उखळात कुटते, कारण दाण्यांना तेल सुटेपर्यंत कुटल्याशिवाय ती आमची चटणी होत नाही. मिक्सरमधून निघतो तो कोरडा भुगा. आठवड्यातून एकदा कडक भाकऱ्या करून ठेवते. पातळ थापायची, भाजायची, मग मंद आचेवर पार खडखडीत होऊ द्यायची. प्रवासाला, आजारपणाला, कंटाळ्याला त्या कामी येतात. आमटीत मोडून भिजवली की वेगळा स्वयंपाक लागत नाही. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, आम्ही येळवस म्हणतो, शेतात पाच-सहा घरांचं जेवण एकत्र असतं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. आणि डिसेंबर-जानेवारीत हुरडा. आगटीत कणसं भाजून घोंगडीवर हातानं चोळायची आणि गरम दाणे चटणीबरोबर खायचे. हे खाणाऱ्या बाईची कीव कशासाठी करायची, ते मला कळत नाही.

रोख पैसे लागतात ते कुटुंब निवृत्तिवेतनातून येतात. शेवटच्या मूळ पगाराच्या तीस टक्के, वर महागाई भत्ता. सुरुवातीची काही वर्षं थोडं जास्त होतं. शहरात एवढ्यात ओढाताण झाली असती. इथं भाडं नाही, धान्य-डाळ विकत नाही, भाजी परसात आणि शेजारपाजारी. वीजबिल, फोन, दूध, साबण, गॅस, औषधं, लग्नकार्याचा आहेर. सोलापूरला जायचं तर १७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मी आता महिन्यातून दोनदाही जाते.

काटकसर कुठं करायची नाही, हेही मी ठरवलंय. चष्मा चांगला. रक्तदाबाच्या गोळ्या कधी चुकवायच्या नाहीत. चहा उत्तम, आलं घालून, दिवसातून तीनदा. रोजचा पेपर. आणि साडी मनासारखी, रंगाची.

साडीवर जरा थांबते, कारण तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी तीच आहे.

आपल्याकडे नवरा गेलेल्या बाईनं साधं राहावं असा रिवाज आहे. फिके रंग, एकवेळचं जेवण, समारंभात मागं बसणं, हौस नको, आवड नको. त्यामुळे मी साधी राहते म्हटलं की ऐकणाऱ्याला तेच वाटतं. माझं साधं राहणं वेगळ्या घरातलं आहे. ते मी आणि यांनी मिळून ठरवलं होतं, दोघं हयात असताना. कमी सामान, कमी खर्च, स्वतःच्या शेतातलं खाणं, हातात वेळ. ती आमच्या दोघांची हौस होती. हे गेले म्हणून तीच हौस आता शोक कशी होईल? मी खर्च कमी करते, पण मन मारत नाही. बाराव्याला बांगड्या फोडायचा विषय निघाला तेव्हा थोरल्या जाऊबाईंनीच सगळ्यांना गप्प केलं. "तिच्या हातात त्याच्या आधीपासून बांगड्या आहेत," म्हणाल्या. शाळा न शिकलेली बाई. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

सगळ्यांना अशा जाऊबाई मिळत नाहीत. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं, जोडवी काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. या विषयासाठी ज्यांनी आधीपासून जीव तोडून काम केलं ते कार्यकर्ते आमच्या करमाळ्याचे, याचा मला अभिमान वाटतो. पण ठराव झाला तरी तो दारात येऊन उभा राहत नाही. त्या दिवशी घरातल्या एका तरी बाईनं तोंड उघडावं लागतं.

आणि एक गोष्ट माझ्या वयाच्या बायकांना हात धरून सांगावीशी वाटते. मी इथं सुखानं राहते याच्या तळाशी एक कागद आहे. सातबारावर माझं नाव आहे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्यानं मृत्युपत्र केलेलं नसेल तर त्याच्या मिळकतीत बायकोला मुलांइतकाच वाटा मिळतो. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र देऊन तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करायचा, फेरफार होतो, हरकतीसाठी नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. यात काही अवघड नाही. अवघड असतं ते दुःखाच्या दिवसांत पुढं सरकवलेल्या हक्कसोडपत्रावर सही न करणं. माझ्या मुलांनी तो विषयही काढला नाही. पण आमच्या शिवारात अशा बायका आहेत ज्यांनी पहिल्या महिन्यातच अंगठा दिला आणि आज स्वतःच्याच शेतात रोजानं खुरपायला जातात. त्यांनाही मी भाकरी-चटणीच खाताना बघते. त्यांच्या आणि माझ्या ताटात फरक नाही, पण माझ्या ताटाला साधेपणा म्हणता येतं, त्यांच्या ताटाला नाही. थोडक्या गरजांत राहण्याचं कौतुक ज्याच्या हातात चार पैसे आणि जमिनीचा तुकडा आहे त्यानंच करावं. दुसऱ्या कुणाला ते शिकवायला जाऊ नये.

आता करमण्याचं. आठवण येत नाही असं कसं होईल? दिवेलागणीला जड वाटेल असं सगळ्यांनी सांगितलं होतं. मला मात्र जड जातं ते काही सांगायचं असतं तेव्हा. तुरीचा भाव वाढला, काळविटानं कुंपण ओलांडलं, कुणाची मुलगी बारावीला चांगली पास झाली, की मान आपोआप ओसरीकडे वळते. हे पावसाची नोंद ठेवायचे. सरळ कडांचा पत्र्याचा डबा अंगणात ठेवायचा, सकाळी पट्टीनं पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं. आता मी लिहिते. त्यांच्या अक्षराखाली माझं अक्षर सुरू होतं, ते पान पहिल्यांदा उलटलं त्या दिवशी स्वयंपाक झाला नाही. तरी वही चालू आहे, आणि तिचा उपयोगही होतो. पेरणी कधी धरायची हे ठरवताना वाटेकरी आणि शेजारचे दोन-तीन शेतकरी येऊन मागची वर्षं वाचून घेतात. संध्याकाळी तीन पोरी गणिताला येतात. त्यांच्या आया बदल्यात माळवं, म्हणजे भाजीपाला, आणून देतात, मी घेते. रात्री दाराला आतून कडी, उशाशी फोन, आणि शेजारच्या घरात हाक ऐकू जाईल एवढं अंतर. भीतीचं उत्तर एवढंच आहे.

संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू असतं. त्या दिवसांत अर्धं गाव सिद्धरामेश्वराच्या गड्डा यात्रेला सोलापुरात असतं, म्हणून मी ते थोडं पुढं, रथसप्तमीच्या आत ठेवते. सगळ्या बायकांना बोलावणं, नवरा असलेल्या-नसलेल्या, कुणाला वेगळा निरोप नाही. पहिल्या वर्षी तीन विधवा आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या. गेल्या वर्षी ओसरी पुरली नाही, सतरंजी अंगणात टाकावी लागली. यंदा वाण म्हणून घरच्या काळ्या तिखटाच्या पुड्या देणार आहे. मिरच्या आणून वाळत घातल्यात. सोलापूरच्या शेजारणींनो, दुपारच्या एसटीनं या, हुरडाही असेल. परतीची गाडी चुकली तर माळवदाखाली झोपायला जागा आहे.