शिनोळीची रताळी, बेळगावचा बाजार आणि चोर्ल्याची वाट

गणपती होऊन आठवडा झाला होता आणि पावसाने नुकतीच उघडीप दिली होती. चंदगड तालुक्यातल्या शिनोळीच्या अलीकडे, रस्त्यालगतच्या एका शेतात रताळी काढण्याचे काम चालले होते. वेल कापून बांधावर टाकलेले होते, लाल मातीचे वरंबे फोडलेले होते आणि चार-पाच बायका मातीतून रताळी वेचून त्यांचे मोठी, मध्यम आणि बारीक असे तीन ढीग लावत होत्या. त्यांतल्या एक काकू प्रत्येक रताळ्यावरची माती अंगठ्याने पुसत होत्या, पण शेजारी पाण्याची घागर असूनही एकही रताळे धूत नव्हत्या. कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "ओलं रताळं पोत्यात दम धरत नाही. कोरडं गेलं तर लांब जातंय." हे कुठपर्यंत जाणार, असे विचारल्यावर त्यांनी मान न वळवता सांगितले, "बेळगावला जातंय एवढं आमाला ठाव. फुडचं अडत्याला इचारा."

ते पुढचे विचारायला मी त्याच टेम्पोतून बेळगावला निघालो. एखाद्या मालाच्या मागे दोन दिवस चालत राहावे आणि तो किती हातांतून, किती वाटांनी जातो ते स्वतः पाहावे, ही माझी जुनी इच्छा होती. देशाची अर्थव्यवस्था हा शब्द आपण नेहमी मोठ्या आकड्यांच्या सोबतीने ऐकतो. माझे बालपण खानापूर तालुक्यात गेल्यामुळे मला तिचे पहिले दर्शन मात्र ताडपत्रीने झाकलेल्या टेम्पोच्या रूपात झाले होते.

शिनोळी महाराष्ट्रात आणि पुढचे बाची कर्नाटकात. राज्य बदलले हे कळते ते रस्त्याकडेच्या पाट्यांवरची लिपी बदलल्यामुळे आणि खिशातला फोन थरथरल्यामुळे, कारण मोबाइल सेवेच्या नकाशात महाराष्ट्र आणि गोवा एका मंडळात येतात व मधले बेळगाव कर्नाटकाच्या मंडळात. रोमिंगचे पैसे पडत होते त्या काळात इकडच्या प्रत्येक भाजीवाल्याकडे दोन सिमकार्डे असत आणि अर्धा व्यवहार मिस्ड कॉलच्या खुणांवर चाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्यातला चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. जिल्ह्याचे ठिकाण शंभरेक किलोमीटर दूर गेले, पण बाजाराचे ठिकाण जिथे होते तिथेच राहिले. आजही चंदगडचा काजू, रताळी आणि बटाटा बेळगावलाच उतरतो. सीमेचा प्रश्न न्यायालयात आहे आणि इथल्या मराठी माणसाच्या मनात तो जिवंत आहे. तरीही डिसेंबर २०२२ मध्ये तणाव वाढून दोन्ही राज्यांच्या बसफेऱ्या अडल्या, तेव्हा सर्वांत आधी झळ पोचली ती याच गावांना, ज्यांचे शेत एका राज्यात आणि दवाखाना, महाविद्यालय व बाजार दुसऱ्या राज्यात आहे.

टेम्पो ज्या रस्त्याने चालला होता तो बेळगाव-वेंगुर्ला रस्ता. एके काळी बेळगावच्या छावणीचे आणि पेठेचे बंदर वेंगुर्ला हेच होते. समुद्रमार्गे आलेला माल घाट चढून बेळगावला यायचा आणि देशावरचा माल त्याच वाटेने खाली उतरायचा. मग १८८० च्या दशकात मुरगाव बंदरापासून ब्रागांझा घाट चढून कॅसलरॉकमार्गे लोंढ्याकडे लोहमार्ग आला. त्या घाटाचा चढ ३७ फुटांमागे १ फूट इतका तीव्र आहे आणि आजही मालगाड्यांना तिथे मागून जादा इंजिने लावावी लागतात. तरी रेल्वेचे डबे बैलगाड्यांपेक्षा कितीतरी अधिक माल आणि तोही स्वस्तात नेत, त्यामुळे व्यापार त्या बाजूला वळला आणि वेंगुर्ल्याचे बंदर ओस पडत गेले. नवी वाट उघडते तेव्हा जुन्या वाटेवरच्या गावांचे काय होते, हे आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. वेंगुर्ल्याच्या त्या मोकळ्या धक्क्यावर मी पूर्वी अनेकदा उभा राहिलो आहे आणि दर वेळी मला हाच विचार पडला आहे.

हिंडलगा मागे टाकून आम्ही बाजार समितीच्या आवारात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आवारात कोल्हापूरच्या 'एमएच ०९', बेळगावच्या 'केए २२', चिकोडीच्या 'केए २३' आणि गोव्याच्या 'जीए' अशा सगळ्या क्रमांकांच्या गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. हमाल पोत्याला लोखंडी आकडा लावून एका झटक्यात ते पाठीवर घेत होते. ज्या अडत्यांच्या दुकानात आमची पोती उतरली ते सत्तरी ओलांडलेले गृहस्थ होते आणि त्यांच्या गादीशेजारी वजनकाट्याच्या चिठ्ठ्या, बिल्ट्यांचे पुस्तक व तीन फोन होते. रताळी कुठे जाणार हा माझा प्रश्न त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. नवरात्र तोंडावर आल्यामुळे उपवासाची मागणी वाढली होती. मोठी प्रत दिल्लीकडे, मध्यम पुण्या-मुंबईला आणि बारीक इथल्याच किरकोळ बाजारात, असा त्यांचा हिशेब होता.

मला अधिक मोलाचे वाटले ते त्यांनी फोनविषयी सांगितलेले. ते म्हणाले, "माझ्या तरुणपणात मुंबईचा भाव कळायला ट्रंक कॉल लावायचा. साधा लावला तर संध्याकाळ व्हायची. तातडीचा, म्हणजे लाइटनिंग लावला तर पैसे भरमसाट. ज्याला भाव आधी कळला त्याची दिवाळी." मी विचारले, "आणि शेतकऱ्याला कधी कळायचा?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "त्याला विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात पडल्यावर कळायचा, सर." आज त्याच शेतकऱ्याचा मुलगा घरून निघण्याआधी तीन बाजारांचे भाव व्हॉट्सॲपवर पाहून येतो, आणि अडत्याने कमी सांगितला तर गाडी खाली न करता उभी ठेवतो. माल तोच, रस्ता तोच, काटाही तोच. बातमी दोघांना एकाच वेळी मिळू लागली एवढ्याने सौद्याचे पारडे काही अंशी तरी समान झाले. दळणवळण या शब्दात आपण रस्ता आणि संदेश या दोन्ही गोष्टी एकत्र मोजतो, ते किती योग्य आहे हे मला त्या गादीवर बसून पटले.

बेळगावला हा बाजार नवा नाही. इथल्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, ज्या काळात उभी राहिली, त्या रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या काळातल्या इ.स. १२०४ च्या शिलालेखात निरनिराळ्या प्रदेशांतल्या व्यापाऱ्यांनी जिनालयाला दिलेल्या दानाची नोंद आहे, आणि त्यांत लाट म्हणजे गुजरातकडचे व मलयाळ देशाचेही व्यापारी आहेत. आठशे वर्षांपूर्वी इतक्या लांबची माणसे इथे येत होती, कारण देशावरून कोकणात उतरणाऱ्या अनेक वाटा या परिसराला मिळत होत्या. आज आंबोली, चोर्ला, अनमोड हे घाट आहेत, शिवाय लोहमार्ग आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग. बेळगावची खरी श्रीमंती या अनेकपणात आहे, असे माझे मत आहे. एका वाटेवर अवलंबून असलेला बाजार ती वाट बंद पडली की त्याच दिवशी मरतो.

हे मत पुस्तकातून आलेले नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढले आणि मुंबई-बेंगळुरू वाहतूक अनेक दिवस ठप्प झाली, तेव्हा मी पुण्याला निघालेलो आणि निपाणीत अडकलेलो होतो. कोगनोळीच्या टोलनाक्यापासून मागे नजर पोचेल तिथवर ट्रक उभे होते. चालक रस्त्याकडेला स्टोव्ह मांडून भात शिजवत होते आणि गावातली माणसे त्यांना भाकरी-पिठले आणून देत होती. टोमॅटो घेऊन मुंबईला निघालेल्या एका चालकाने तिसऱ्या दिवशी ताडपत्री उघडली तेव्हा खालच्या थरांतून रस गळत होता. त्याने वरचे चांगले क्रेट उतरवून गावकऱ्यांना वाटून टाकले, आणि वाटताना तो कोणाकडेही पाहत नव्हता. त्याच्यामागे बेळगावच्या फाउंड्रीतले कास्टिंग, म्हणजे लोखंडाचे ओतीव भाग, भरलेला ट्रक होता. लोखंड कुजत नाही, पण पुण्याकडचे कारखाने सुट्या भागांचा मोठा साठा ठेवत नाहीत, कारण साठा म्हणजे अडकून पडलेले भांडवल. रस्ता रोज चालू राहील या भरवशावर त्यांचे सारे गणित उभे असते. जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी पुन्हा महामार्गावर आले आणि तोच प्रसंग पुन्हा घडला.

मधल्या वर्षांत कागदोपत्री अडथळे मात्र पुष्कळ कमी झाले, हे नमूद केले पाहिजे. १ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे तपासणी नाके उठले. एप्रिल २०१८ पासून ५०,००० रुपयांवरच्या मालासाठी ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचे ऑनलाइन बिल, आले, फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीच्या फाटकावर मी संध्याकाळी पाहिले, तर ई-वे बिलाचा क्रमांक चालकाच्या फोनवर येताच पाच मिनिटांत गाडी बाहेर पडली. ताज्या भाजीला तर हे बिलही लागत नाही.

त्याच रात्री मी भाजीच्या टेम्पोतून गोव्याला निघालो. गोव्याची रोजची भाजी बहुतांश बेळगावकडून जाते आणि गोवा राज्य फलोत्पादन महामंडळही आपल्या गाड्यांवर विकण्यासाठी इथूनच मोठी खरेदी करते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागून सीमा बंद झाल्या, तेव्हा गोव्यातल्या घराघरांत पहिल्या काही दिवसांतच भाजीची टंचाई जाणवली होती. आमच्या टेम्पोत कोथिंबीर, मेथी, कोबी, फ्लॉवर आणि हिरवी मिरची होती. कोथिंबीर सर्वांत वर, तिच्या जुड्यांची मुळे बाहेर आणि पाने आत, वर ओले गोणपाट. चालक मामा जांबोटीकडचे होते आणि गेली अठरा वर्षे हीच फेरी करत होते.

जांबोटी गेली, कणकुंबी आली आणि फोनचे सिग्नल गेले. मलप्रभेचा उगम याच कणकुंबीत. अंधारात फक्त पाण्याचा आवाज येत होता. पावसाळ्याने रस्त्याची चाळण केली होती आणि मामा प्रत्येक खड्डा नावानिशी ओळखत असल्यासारखे गाडी वळवत होते. चोर्ल्याच्या उतारावर एका वळणात एक लांब ट्रक आडवा झाला होता. घाटात अवजड वाहनांवर वेळोवेळी बंदी असते, तरी ती येतात. आमच्या पुढे तीस-चाळीस गाड्या होत्या आणि मागे दिवे वाढत चालले होते. माल जिथे उतरायचा होता त्या म्हापशाला कळवावे तर फोन लागत नव्हता.

मामा मागे गेले, गोणपाट वर करून कोथिंबिरीच्या जुड्यांमध्ये त्यांनी मनगटापर्यंत हात घातला आणि मला म्हणाले, "घाला बघू हात." मी हात घातला. आत चांगलीच ऊब होती, चुलीशेजारी ठेवलेल्या पितळी भांड्यासारखी. "आपण थांबलो तरी ती थांबत नाही, सर. आतून तापत राहते," ते म्हणाले. त्यांनी डबक्यातले नव्हे, कॅनमधले स्वच्छ पाणी शिंपडले, जुड्या थोड्या सैल केल्या आणि वाऱ्याची बाजू मोकळी ठेवली. पावणेदोन तासांनी क्रेन आली, ट्रक सरळ झाला आणि आम्ही उतरलो. अनमोडमार्गे वळून जाणे शक्य होते का, असे मी विचारले. ते म्हणाले, "खबर कणकुंबीच्या आधी मिळाली असती तर वळलो असतो की. खबरच नाही तर दुसरी वाट असून काय उपयोग?" त्या घाटात मोबाइलचा एक मनोरा उभा राहिला तर कोथिंबिरीच्या किती गाड्या वाचतील, याचा विचार मी केरीच्या तपासणी नाक्यापर्यंत करत राहिलो.

साखळी, डिचोली मागे पडून म्हापसा आले तेव्हा उजाडले होते. शुक्रवार होता, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या बाजाराचा दिवस. व्यापारी वाट पाहून कंटाळले होते. त्यांनी कोथिंबिरीचा भाव उतरवून मागितला आणि मामांनी बेळगावच्या मालकाला फोन लावून दिला. कोकणी, मराठी आणि मधूनच कन्नड असे ते बोलणे दोन-तीन मिनिटे चालले, भाव ठरला आणि पैसे फोनवरच जमा झाले. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाने, नऊवारीतल्या एका आजींनी, त्यातलीच एक जुडी उचलली, मुळांचा वास घेतला आणि पिशवीत टाकली.

मामा मात्र अजून मोकळे झाले नव्हते. त्यांना रिकामे क्रेट मोजून घ्यायचे होते, कारण क्रेट परत गेले नाहीत तर उद्याचा माल कशात भरणार, आणि त्यांना परतीचे भाडेही हवे होते. रिकामी गाडी घाट चढली की डिझेल तितकेच जळते आणि त्या फेरीचा भार शेवटी भाजीवरच पडतो. त्यांनी चार ठिकाणी फोन केले. चौथ्या ठिकाणी बेळगावातल्या शहापूरच्या एका दुकानदाराचे नारळ न्यायचे निघाले. "दुपारी भरणार, रात्री घरी," असे म्हणून ते क्रेट एकात एक बसवू लागले, आणि मी त्यांना मोजून देऊ लागलो.