एकतीस मिनिटं

काकांचा फोन आला की आधी शिव्या, मग काम. त्या दिवशी दोन्ही एकदमच आलं. "तुझा तो रेडिओ पुन्हा मेला रे! गोडाऊनचं बिलिंग ठप्प आहे. आणि धाकट्याच्या घरची लाइन बघ, दोन वर्षांत एकदा हलली नाही."

काकांचं औषधांचं ठोक दुकान ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, दौलतगंजला, गोडाऊन मोरारला. छतावर (ग्वाल्हेरात आम्ही गच्चीला छतच म्हणतो) दोन डिशा, वायफायवरून दूरच्या जागी लाइन पोचवणारे रेडिओ. मोरारकडे तोंड केलेली माझी. दुसरी आधीच्या कुणा पोराने लावलेली, शिंद्यांची छावणी या वस्तीत राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावासाठी.

मी पोचेपर्यंत लाइन आपोआप सुरू झाली होती. लॅपटॉप लावून लॉग, म्हणजे रेडिओची नोंदवही, उघडला. पडली ११.०४ ला, उठली ११.३५ ला. आदल्या दिवशी ४.१२ आणि ४.४३. दर वेळी एकतीस मिनिटं! सैल कनेक्टर काही घड्याळ लावून त्रास देत नाही. वरची ओळ वाचली: चॅनल १००, रडार सापडलं.

चॅनल १०० म्हणजे ५५०० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झच्या या मधल्या पट्ट्यात रडार जुने रहिवासी, वायफाय मागाहून आलेला भाडेकरू. रडारची चाहूल लागली की रेडिओने दहा सेकंदांत जागा सोडायची, अर्धा तास तिथे फिरकायचं नाही आणि परतल्यावर एक मिनिट नुसतं ऐकायचं, मगच बोलायचं. तीस अधिक एक. दुसरा चॅनल हाताशी असता तर तो तिकडे सरकून मिनिटा-दोन मिनिटांत सुरू झाला असता. पण यादीत एकच चॅनल ठेवला होता मी, स्वच्छ दिसला म्हणून. चूक माझीच, काकांना तसं सांगितलं. महाराजपुऱ्याला हवाई तळ आहे खरा, पण रडार तिथलंच असं लॉग सांगत नाही; शेजारच्या खरखरीलाही रेडिओ कधी रडार समजतो.

मग दुसरी डिश उघडली. पासवर्ड काकांच्या डायरीत होताच. देश भलताच निवडलेला (रेडिओ नियम पाळतो ते निवडलेल्या देशाचे), रडार ओळखणं बंद, पॉवर पूर्ण, चॅनल १२०. म्हणजे ५६०० मेगाहर्ट्झ, ज्याच्या आसपास जगभर हवामानाची रडारं चालतात. न हलणारी लाइन का हलत नव्हती ते कळलं. ती ऐकतच नव्हती.

"मग माझीही तशीच करून टाक की!" काका.

ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने ५ गिगाहर्ट्झमधले एकूण ६०५ मेगाहर्ट्झ विनापरवाना वापरायला मोकळे केले, पण अटीवर: दुसऱ्याला अडथळा करायचा नाही, आणि आपल्याला झाला तर रडायचं नाही. हे काकांना समजावत होतो तोवर काकू पापडांची परात घेऊन वर आल्या. त्यांची खाट बरोब्बर त्या छावणीवाल्या डिशच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर.

"पापड करपतील का रे?"

पापड नाही करपत. पण पंचवीस डीबीआयची (डीबीआय म्हणजे ताकद एकवटण्याचं माप) डिश समोरच्या दिशेला ताकद तीनशे पटींहून जास्त एकवटते, आणि पेटीतल्या कागदावर माणसाने किती दूर राहायचं ते छापलेलं असतं. तो कागद कुणी वाचत नाही, मीही पहिली दोन वर्षं वाचला नव्हता. दुप्पट लांब गेलं की तीव्रता चौथाईवर येते. खाट हलवायला काकू तयार नव्हत्या (ऊन तिथेच पडतं), म्हणून नवा पाइप आणून डिश डोक्याच्या बरीच वर नेली. देश भारत केला, पॉवर उतरवली. दोन्ही लिंक वरच्या पट्ट्यात टाकल्या, १४९ आणि १५७ वर. तिथे रडारसाठी थांबावं लागत नाही.

तिथे गर्दी मात्र असते. संध्याकाळी घराघरांतले राउटर जागे झाले की वेग उतरतो. परवा काकांचा फोन आला.

"याच्यापेक्षा अर्धा तास बंद पडायची तेच बरं होतं रे. तेवढ्यात चहा तरी व्हायचा."