३० जूनपर्यंतचं पाणी

२०१९ चा मे महिना. मी तेव्हा जालना जिल्ह्यातल्या एका गावाचा ग्रामसेवक होतो. आता आमच्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावाला त्याचं काही नाही. गाव पहिल्यापासून ‘भाऊसाहेब’च म्हणतं.

सकाळी सातला पोचलो तर सार्वजनिक विहिरीभोवती नुसती भांडी. घागरी, ड्रम, तेलाचे रिकामे डबे. माणसं घरी गेली होती, नंबर लावून. टँकर आदल्या दिवशीही आला नव्हता. ड्रायव्हरचा फोन बंद. टँकरला जीपीएस बसवलेलं असतं, त्यामुळे तो कुठे उभा आहे हे तालुक्याला दिसतं. का उभा आहे, ते जीपीएसला कळत नाही.

टँकरचं गणित तसं सोपं. माणशी दिवसाला २० लिटर. आमची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची, १,८४०. म्हणजे ३६,८०० लिटर, म्हणजे बारा हजारी टँकरच्या साधारण तीन खेपा. यात आठ वर्षांत वाढलेली माणसं नाहीत, जनावरं नाहीत आणि आमचा तांडाही धड नाही. जनगणना झाली फेब्रुवारीत. फेब्रुवारीत तांडा कारखान्यावर ऊस तोडत असतो. मोजणाऱ्यानं कुलपं मोजली असतील तर असतील. आणि मे महिन्यात, पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हा, हीच सगळी माणसं गावात परत आलेली असतात. त्याच महिन्यात सरकारनं २०१८ ची लोकसंख्या धरायला सांगितलं, जनावरंही धरायला सांगितली. पण ते आमच्यापर्यंत झिरपायला वेळ होता.

टँकर नाही तर अधिग्रहण. खासगी विहीर नाहीतर बोअर सरकारनं तात्पुरता ताब्यात घ्यायचा आणि मालकाला दिवसाच्या हिशेबानं मोबदला द्यायचा. ग्रामपंचायतीचा ठराव, तलाठ्याचा पंचनामा, तहसीलदारांचा आदेश. गावात पाणी असलेला बोअर एकच उरला होता, आबांचा. प्रस्ताव दहा दिवसांपूर्वी तालुक्याला दिला होता. लोकसभेच्या मतमोजणीची धामधूम होती, फाईल कुठल्यातरी टेबलावर पडून होती.

तलाठीअप्पा आणि सरपंचबाईंचे मिस्टर (गावात सरपंच म्हणून नमस्कार त्यांनाच होतो) यांना घेऊन आबांच्या मळ्यात गेलो. एकशे ऐंशी मोसंबीची झाडं. बुडाशी पाचट अंथरलेलं, ठिबकच्या नळ्या, पानं कोमेजून आत वळलेली. आबा बांधावर बसून एकेका ड्रीपरची टोपी काढून दाताखाली दाबून साफ करत होते. क्षारानं भरलं होतं सगळं.

पोरगा स्टार्टरच्या पेटीपाशी उभा. आम्हाला पाहिलं आणि पेटीतला किटकॅट उपसून खिशात घातला. फ्यूजच काढला म्हणजे बोलायचं कारण संपलं.

“दोन हजार तेराला मोसंबी जळाली मपली, तवा कोन्ता सायेब आलता?” तो म्हणाला. “सव्वातीन लाख काढून बोअर घेतला. आता गावाला पाणी पायजे कामून, मी पाडलंय म्हणून?”

त्याचं खोटं नव्हतं. २०१२-१३ च्या दुष्काळात या पट्ट्यातल्या मोसंबीच्या बागा सरपण झाल्या. लोकांनी उभी झाडं तोडून विकली.

पण गावाचंही म्हणणं होतं, आणि ते रांगेतल्या बाया मोठ्यानं बोलत होत्या: याच्या बोअरनंच आमची विहीर आटवली. सार्वजनिक विहिरीपासून हा बोअर तीनशे मीटरवर. कायदा १९९३ पासून सांगतो की पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत दुसरी विहीर घ्यायची नाही. पुढे २००९ चा भूजल कायदा आला, त्यानं शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल जायला मनाई केली. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. आमच्याकडे दोनशे फुटांवर आता धुराळा निघतो.

तलाठीअप्पा पंचनामा लिहायला बसले. बोअरची खोली?

“सहाशे वीस,” आबा म्हणाले.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी विजेच्या खांबाकडे पाहिलं. सहाशे वीस लिहावं तर ज्याच्यावर कारवाई व्हायला हवी त्यालाच आम्ही रोजाचं भाडं देतोय. न लिहावं तर पंचनामा खोटा. बोअरची गाडी रात्रीतून येऊन सहाशे फूट पाडून गेली, तेव्हा सरकार म्हणून गावात असायला हवा होता तो मीच. मला ती दुसऱ्या दिवशी रस्त्यावर सांडलेल्या पांढऱ्या भुकटीवरून कळली होती. मी कुणाला काही कळवलं नव्हतं. कळवून काय झालं असतं, हा प्रश्न तेव्हाही स्वतःला विचारला होता आणि उत्तर सोयीचं होतं.

अप्पांनी सहाशे वीस लिहिलं.

आबांनी मला बाजूला घेतलं. “आदेशावर सही झाली का?”

झाली, असं म्हणता आलं असतं. “होईल आज,” म्हणालो.

“मंग सही घिऊन या. असंच पाणी देलं तं हे पोरगं मला जन्मभर खाईल. थोरला भाऊ म्हनंल, आमच्या कापसाला देलं नाही अन् गावाला वाटलं. कागद आणा. कागदाला शिव्या देता येत्यात, भाऊसाहेब. सरकारनं नेलं म्हणलं की सरतं.”

नोकरीत बरीच वर्षं काढली होती, पण सरकार कशाकशाला उपयोगी पडतं याची ही बाजू मला कुणी सांगितली नव्हती.

मोटारसायकल काढली. तालुका ३४ किलोमीटर. साहेब बैठकीत, क्लार्क जेवायला, जावक क्रमांकाचं रजिस्टर तिसऱ्याच कपाटात. साडेचारला सही झाली. गावात आलो तेव्हा दिवस मावळत होता आणि रांगेतली भांडी तशीच होती, फक्त वाढली होती.

आबांनी आदेश हातात घेतला, त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो पोराला मोठ्यानं वाचायला लावला. पोरानं वाचला. ‘दिनांक ३० जूनपर्यंत’ इथे थांबला आणि विचारलं, “यात झाडं कुठं धरलीत?”

कुठेच नव्हती. पाण्याचा दर असतो, झाडांचा रकाना नसतो.

त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. थ्री फेज आली तेव्हा पावणेअकरा झाले होते. पोरानं खिशातून किटकॅट काढला, तार तुटली होती ती दाताशी नवी वळवली, आणि न बोलता बसवला. मोटार आधी नुसती घुमली, मग पाईप थरथरला. टाकीवर पाणी पडायला लागल्याचा आवाज अंधारात ऐकला तेव्हा वस्तीतून कुणीतरी शिट्टी मारली. टाकीवर दोन दिवस वाटपाची भांडणं मिटवली. तांड्याच्या टोकाला पाणी सगळ्यात शेवटी पोचायचं. त्यावर आदेशात काही लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिलं असतं तरी खालच्या आळीनं पाईपला लावलेल्या मोटारी मला रोज उपसायला लागल्याच असत्या.

आबांनी राहिलेल्या पाण्यात सत्तर झाडं धरली, बाकीची सोडली. मोबदला पुढच्या वर्षी आला, तोही दोन तुकड्यांत.

टंचाईचा आराखडा ३० जूनला संपतो. पाऊस संपवत नाही, आराखडा संपतो. त्या वर्षी पाऊस जूनच्या शेवटच्या आठवड्यात आला आणि भुई ओली करून गेला. जुलै कोरडाच. मी मुदतवाढीचा प्रस्ताव पाठवला होता.

१ जुलैच्या रात्री साडेदहाला फोन वाजला. आबांचा पोरगा.

“भाऊसाहेब, तारीख संपली कालच. टाकी भरू का नको?”

“मुदतवाढीचा कागद यायचाय अजून.”

बराच वेळ काही बोलला नाही. मागून मोटारीचं घुमणं ऐकू येत होतं, म्हणजे ती त्यानं आधीच चालू केली होती.

“भरतो,” तो म्हणाला. “फक्त आबानं इचारलं तं कागद आला म्हणून सांगा.”