पद्मिनीची कात : बॉनेट, डिकी, छप्पर झालं, दरवाजे बाकी

मागच्या नोंदीत काचा, बीडिंग आणि बंपर उतरवून थांबलो होतो. तीन आठवड्यांत बॉनेट, डिकीचं झाकण आणि छप्पर पत्र्यापर्यंत उघडं झालं. चार दरवाजे आणि मागचे मडगार्ड राहिलेत. मृग तोंडावर आलाय, इथे गोव्यात, डिचोलीची हवा आताच ओल्या फडक्यासारखी झालीय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, जीडीने (गोवा, दमण आणि दीव) सुरू होणारा जुना नंबर. वर पांढरा, त्याखाली आकाशी. त्याच्याही आधीचा मूळ रंग बाबा हिरवा सांगतात, आई राखाडी. शेवटी ग्लोव्ह बॉक्स काढून डॅशबोर्डच्या मागे टॉर्च मारली. तिथे कुठल्याच पेंटरचा हात पोचलेला नव्हता. निघाला राखाडीकडे झुकणारा फिकट हिरवा. दोघंही जिंकले, आणि दोघंही मान्य करत नाहीत.

स्ट्रिपर (रंग सोडवणारं रसायन) उघडण्याआधी एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगाच्या, थिनरचा बोळा फिरवून बघितला. पांढऱ्याला सुरकुत्या पडल्या, म्हणजे इनॅमल. खालचा आकाशी मात्र सरळ फडक्याला लागला, म्हणजे एनसी. त्यामुळे मेहनत सगळी वरच्या थरावर. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने त्यावर आडवेतिडवे ओरखडे काढले, स्ट्रिपर जाड थापला आणि वरून प्लास्टिक अंथरलं. प्लास्टिक विसरू नका. पहिल्या दिवशी दहा वाजताच्या उन्हात केलं, तर रंग फुगायच्या आत स्ट्रिपरच वाळून गेला. आता सकाळी सहाला सुरू करतो, वीस मिनिटं थांबतो, मग प्लास्टिकच्या पट्टीने ओढतो. पांढरा थर सायीसारखा गोळा होत येतो. ते बघण्यासाठी पहाटे उठायला हरकत नाही.

हे काम उघड्या अंगणातच करा. डायक्लोरोमिथेनवाल्या स्ट्रिपरसमोर कापडी मास्क कुचकामी, आणि पातळ हातमोज्यातूनही तो आरपार येतो. माझ्या करंगळीला विचारा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासणं बंद. सगळी घाण पेपरवर घेऊन जुन्या डब्यात भरतोय, कारण आमची विहीर अंगणाच्या कडेलाच आहे.

पेंटर मेस्त म्हणाले, "कशाला हा सोस? ग्राइंडर लावूया, दुपारपर्यंत मोकळं करतो." नको म्हटलं. बॉनेटचा पत्रा मधोमध तापला की ताणतो आणि मग बिस्किटाच्या डब्याच्या झाकणासारखा टक-टक वाजत राहतो. रंग किती भारी मारा, ते लपत नाही. मेस्त दोन दिवस रुसले, तिसऱ्या दिवशी स्वतःचा स्क्रॅपर घेऊन आले.

खरा धक्का डाव्या मागच्या मडगार्डने दिला. लोहचुंबक लावला, चिकटेचना. स्क्रूड्रायव्हरने टोचलं तर लांबीचा (पुट्टीचा) तुकडा सुटून हातात आला, सान्नाएवढा (इडलीसारखा गोव्याचा पदार्थ) जाड! मागे तळव्याएवढं भोक, आणि भोकात गच्च बसलेली तांबडी धूळ. २०१२ मध्ये खाणी बंद पडण्याआधी आमच्या दारावरून खनिजाचे ट्रक जायचे, त्यांची ती शिल्लक. पाणी धरून ठेवायला असा बोळा कोंबलेला असल्यावर पत्रा आतून खाल्ला जाणारच. ज्याने हे बुजवलं त्याने भोक साफ करण्याचीही तसदी घेतलेली नाही. वेल्डिंगच करावं लागेल.

चूक माझीही सांगतो. छप्पर झालं त्या संध्याकाळी वीज गेली, कॉम्प्रेसर बंद, म्हणून इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर) सकाळवर ढकलला. बॉनेटही तसंच उघडं. रात्री जेवून बाबा फेरी मारायला आले आणि सवयीने बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. सकाळी बघतो तर पाच बोटांसकट त्यांचा तळहात तांबेऱ्यात उमटलेला, करंगळीची जुनी वाकलेली पेरसुद्धा ओळखता येत होती. घामातलं मीठ आणि इथली दमट हवा, आणखी काय लागतं? १२० ने पुन्हा घासलं, थिनरने पुसलं, लगेच प्रायमर मारला. आता नियम एकच : जेवढं सकाळी उघडायचं तेवढं त्याच दिवशी प्रायमरखाली घालायचं, आणि वीज आहे हे बघूनच डबा उघडायचा. बाबांसाठी पडवीत वेगळी खुर्ची टाकलीय.

एक प्रश्न अडलाय. छपराच्या पन्हळीत, कडेला टेप लावूनही थोडा स्ट्रिपर झिरपला. तीनदा पाणी मारलं, ब्रशने घासलं, तरी एका सांध्यातून अजून ओलसर बुडबुडा येतो. तसाच राहिला तर वरचा नवा रंग तिथेच फुगेल. ज्यांनी ती पन्हळ आतून साफ केलीय त्यांनी सांगा : जुनं सीलंट पूर्ण खरवडून काढलंत की हवा मारून भागलं? तोवर मी उजव्या दरवाजाला हात घालतो.