गळ

दापोली, शनिवार, रात्री

आज वाचनालयात जॉर्ज स्टुअर्ट यांच्या 'अर्थ अबाइड्स' या १९४९ सालच्या कादंबरीवर बोलण्यासाठी आम्ही सात जण जमलो होतो. (फलकावरचे देवनागरी नाव वाचून पुस्तक अर्थशास्त्रावरचे असावे, अशा समजुतीने बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थही आले होते, चहा होईपर्यंत ते थांबले.) साथीच्या रोगाने जवळजवळ सगळी माणसे मरतात आणि त्या दिवसांत साप चावून डोंगरात एकटा पडलेला इश हा भूगोलाचा विद्यार्थी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी परतून उरलेल्या मूठभर लोकांबरोबर नवी वस्ती उभी करतो, एवढेच कथानक.

माणसे नाहीशी झाल्यावरही रस्त्यावरचे दिवे जळत राहतात आणि मग मंद होत होत विझतात, हा प्रसंग मला फार आवडला होता. परंतु वीज खात्यात वायरमन म्हणून आयुष्य काढलेल्या काकांना तो मुळीच पटला नाही. "धरणावरचे यंत्र चालेल हो, पण तारेवर पडलेली फांदी कोण काढणार? आपल्याकडे पहिल्या पावसातच काळोख." बागायत सांभाळणाऱ्या काकूंचा आक्षेप वेगळा होता: वीस-वीस वर्षे दुकानांतले डबे फोडून आणि मोकाट गुरे मारून जगणारी ही माणसे त्यांना आळशी वाटली, आणि वस्ती खरी धरून ठेवली ती इशच्या बायकोने, एमने, असे त्यांनी ठामपणे सांगितले.

खरा वाद गुरुजींनी काढला. विद्यापीठाचे ग्रंथालय शाबूत असताना इश मुलांची शाळा बंद करतो आणि त्यांना खेळ म्हणून धनुष्यबाण करायला शिकवतो, याला ते शरणागती म्हणतात. इशच्या मुलांपैकी वाचनाची खरी ओढ असलेला एकटा जोई तापाने जातो आणि बापाचा धीर सुटतो. गुरुजींच्या मते शिक्षकाला हा अधिकारच नाही. पुढे नातवंडे जुनी नाणी ठोकून बाणांची टोके करतात, हे वाचताना आपल्याला रडू आले, असेही त्यांनी सांगितले.

मला गुरुजींचे म्हणणे पटले नाही, आणि त्याचे कारण पुस्तकात नसून ३ जून २०२० या दिवसात आहे. निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले तेव्हा दापोली-मंडणगडाकडच्या वाड्यांमधील माड-पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. (योगायोग असा की स्टुअर्ट यांनीच १९४१ साली एका वादळावर कादंबरी लिहून त्याला मारिया हे नाव दिले होते.) आमच्या वाडीत कित्येक आठवडे वीज नव्हती. विहीर भरलेली होती, पण रहाट कधीच काढून टाकलेला, वर लोखंडी जाळी आणि खाली मुकी मोटर. जाळी कापून कपडे वाळत घालण्याच्या नायलॉनच्या दोरीने आम्ही पाणी काढू लागलो. दोरी हात कापत असे, आणि दुसऱ्याच दिवशी गाठ सुटून पोहरा तळाशी गेला. तेव्हा शेजारच्या आजोबांनी माळ्यावरून गळ काढला, राजू (पोहऱ्याचा दोर) कसा धरायचा, तळ लागल्यावर गळ कसा फिरवायचा हे दाखवले, आणि पोहरा वर आला. त्यांची शाळा चौथीत सुटली होती.

इशच्या वस्तीत असे आजोबा कोणी नव्हते. वाचलेले लोक एकमेकांना परके होते. कोणाचीच मागची पिढी शिल्लक नव्हती, म्हणून सगळा भार ग्रंथालयावर आला आणि ग्रंथालयाला तो पेलला नाही. गुरुजी यावर म्हणाले की आजोबांचे ज्ञानही कोणीतरी लिहून ठेवायला हवे. हे मला नाकारता आले नाही, आणि थोडा रागही आला.

उठता उठता हर्णैहून येणाऱ्या कॉलेजातल्या मुलीने विचारले, की माशांच्या गळाने पोहरा कसा निघतो? तो गळ वेगळा, असे सांगून मी एका कागदाच्या पाठीवर चित्र काढू लागलो: वर कडी, खाली वळलेले लोखंडी आकडे. ते चार होते की सहा, हे मला आठवेना.